खालून भरायचं

चवथीला चार दिवस आहेत.
बेतूलच्या जेटीमागं 'केळबाय' ट्रेलरवर चढवलेली,
पोटाखाली माडाचे दोन ओंडके,
मागचा ड्राइव्ह खाली सोडून सरळ केलेला.
तिरपा ठेवलास तर अर्धं तेल आतच राहतं,
कायतान मेस्त सांगतो, आणि मग तासभर बोलत नाही.

त्याचा स्क्रूड्रायव्हर सगळ्या सासष्टीत रुंद असावा.
खालच्या बुचाच्या खाचेत बसवून वर एकच टोला,
मग खांद्यानं फिरवतो, मनगटानं नव्हे.
बूच निघतं. येत काहीच नाही.
वरून हवा मिळेपर्यंत तेल हलत नसतं.

मी वरचं बूच सैल करतो
आणि खालून येते ती
पेज.
उकड्या तांदळाची, निवलेली, करडी पेज,
गंधकाचा वास मारणारी.
काकवीसारखी धार यायला हवी होती.
कायतान बोटावर घेतो, चोळतो, नाकाशी नेतो.
"पाणी," म्हणतो,
डॉक्टर "शुगर" म्हणतो तसं.

बुचाच्या लोहचुंबकावर काजळाएवढी पूड.
तेवढी चालते.
नखाएवढा तुकडा निघाला असता
तर यंदाचे सगळे डॉल्फिन
गिअरच्या त्या एका दातात गेले असते.

मग पंखा उतरवला. नट, वॉशर, जाड कडी,
आणि शाफ्टच्या मुळाशी, सीलच्या ओठावर,
नायलॉनचा हिरवा दोरा.
तापून वितळून एकजीव झालेली वेटोळी.
कायतान चिमट्यानं सोडवत राहतो.
वीतभर. हातभर. संपतच नाही.
शेवटी एक गाठ येते, दुहेरी फासाची,
टोक दातानं तोडलेलं.

बेतूलमध्ये ही गाठ आता एकच माणूस मारतो.
कायतानलाही शिकवली होती त्यानं,
जमली नाही.
कायतान माझ्याकडे बघत नाही, ड्राइव्हकडे बघतो.
मी दोरा खिशात घालतो.

बाबा जेटीच्या टोकाला बसतात.
गरी त्यांना दिसत नाही, बोटांना कळते.
दोरी अडकली की तोडायची, सोडून द्यायची पाण्यात,
साळ नदी नेईल समुद्रात.
सगळं आयुष्य वल्ह्यावर गेलं;
पाण्याखाली काहीतरी फिरत असतं
मिनिटाला हजार वेळा,
आणि सापडेल ते स्वतःभोवती गुंडाळून घेतं,
हे त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं.

नवं सील लाकडी ठोकळ्यानं हळू ठोकून बसवलं.
आत हवा भरून अर्धा तास काट्याकडे बघत बसलो.
काटा हलला नाही. कायताननं विडी पेटवली,
डिझेलच्या डब्यापासून चार पावलं लांब जाऊन.

तेल खालून भरायचं.
मला हे आधी उलटं वाटायचं.
दिवा, घागर, देवावरचं पाणी,
आपण सगळं वरूनच ओततो.
"वरून ओतलंस की हवा कोंडते,"
पंपाचा दांडा दाबत कायतान म्हणतो,
"तळातून ढकल. हवा आपली वाट आपण काढता."
एक दाब, दुसरा, चाळीसेक झाले असतील,
वरच्या भोकात बुडबुडे,
मग बुडबुडे थांबले
आणि निळसर, जाड, स्वच्छ थेंब.
आधी वरचं बूच. मग खालचं, झटकन,
सांडेल तेवढं सांडू दे.
वॉशर मात्र नवे. जुने वॉशर परत लावणारे लोक,
कायतान म्हणतो,
लग्नातली फुलं मरणाला नेतात.

संध्याकाळी बाबा विचारतात, काय झालं होतं?
सील गेलं होतं, मी म्हणतो. जुनं झालं होतं.
"रबर," ते म्हणतात. "रबराचं काय खरं नाही."
आणि चाचपत नवी गरी बांधतात,
फास, परत फास,
टोक दातात.
मी हात पुढे करतो.
द्या ते तुटलेलं इकडे.
"कशाला?"
असंच. द्या.